दुसरी पसंती

माझ्या आजोबांच्या तोंडी ‘उमेदवारी’ हा शब्द येई तो निवडणुकीच्या नव्हे, नोकरीच्या संदर्भात. १९४० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, साताऱ्याच्या मामलेदार कचेरीत ते चिकटले ते उमेदवार म्हणून. आणि त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे उमेदवार म्हणजे असा इसम, की ज्याला पगार नाही, मेज नाही, सहीशिक्क्याचा अधिकार नाही, परंतु पुढेमागे एखाद्या कारकुनाची जागा रिकामी झालीच तर तिच्यावर आपली वर्णी लागेल एवढ्या आशेवर जो रोज अकराच्या ठोक्याला कचेरीत हजर होतो, अव्वल कारकुनाच्या पाठीमागे भिंतीशी बसतो, जबान्यांच्या नकला उतरतो, कोऱ्या कागदाला समास पाडून देतो आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या निरक्षर कुळांना त्यांचेच अर्ज वाचून दाखवतो. असे दीड वर्ष त्यांनी काढले. पुढच्या साऱ्या नोकरीत जे उमगले नाही ते त्या दीड वर्षात उमगले, असे ते म्हणत, आणि काय उमगले म्हणून विचारले, तर चष्मा कपाळावर सरकवून सांगत, “अर्जात लिहिलेलं असतं एक, आणि माणसाला पाहिजे असतं दुसरंच. ते दुसरं ज्याला वाचता येतं, तो कारकून.”

हे सारे मला २०१३ च्या फेब्रुवारीत नव्याने आठवले. इंग्लंडच्या उत्तरेस, यॉर्कशायर परगण्यातील एका विद्यापीठात मी त्या वेळी जलविज्ञानात संशोधन करीत होतो, आणि तेथील विद्यार्थी संघाच्या वार्षिक निवडणुकीत, आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी या पदासाठी, मित्रांच्या आग्रहाने आणि थोड्या स्वतःच्याही हौसेने, मी अर्ज भरला होता. रविवारच्या दूरध्वनीवर ही वार्ता घरी कळविली, तेव्हा एक्क्याण्णव वर्षांच्या आजोबांनी पहिला प्रश्न केला, “पगार किती?” संघाच्या पूर्णवेळ पदाधिकाऱ्यांना वेतन असते, परंतु हे पद अर्धवेळ आणि बिनपगारी आहे, असे मी सांगताच पलीकडून समाधानाचा हुंकार आला. “मग बरोबर. उमेदवारी म्हणतात ती हीच.”

महाविद्यालयीन निवडणूक ही वस्तू मी तोवर पाहिलीच नव्हती, हे तेथील सहाध्यायांना सांगताना मला संकोच होई. एवढ्या मोठ्या लोकशाही देशातून आलेल्या आणि पुण्यासारख्या विद्यानगरीत शिकलेल्या माणसाने विद्यार्थी या नात्याने एकदाही मत दिलेले नसावे, हे त्यांना खरे वाटत नसे. पण वस्तुस्थिती तशी होती. १९८९ साली मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैमनस्यातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. पुढे महाराष्ट्रातील या निवडणुका बंद पडल्या, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेवरील वर्गप्रतिनिधी गुणानुक्रमे नेमण्याचा प्रघात रूढ केला. योगायोग असा, की त्याच १९९४ साली ब्रिटिश पार्लमेंटने शिक्षणविषयक कायदा करून विद्यार्थी संघांची प्रमुख पदे गुप्त मतदानानेच भरली गेली पाहिजेत असे बंधन घातले. म्हणजे एका देशात मतपेटी सक्तीची झाली आणि दुसऱ्या देशातील एका राज्यात ती त्याच सुमारास अडगळीच्या खोलीत जाऊन पडली. मी स्वतः दोन वर्षे वर्गाचा प्रतिनिधी होतो, याचा अर्थ दोन वर्षे मी परीक्षेत पहिला आलो होतो. वर्गातील साठ मुलामुलींपैकी एकानेही मला निवडले नव्हते आणि त्यांना काय हवे आहे हे मीही कोणास विचारले नव्हते. प्राचार्यांच्या सहीचे पत्र आले, स्नेहसंमेलनात छातीवर लावायला बिल्ला मिळाला, आणि माझे प्रतिनिधित्व सुफळ संपूर्ण झाले. जो पहिला तोच प्रतिनिधी, हे समीकरण माझ्या मनात इतके पक्के बसले होते, की ते समीकरण आहे, निसर्गनियम नव्हे, हे मला यॉर्कशायरमध्ये जाऊन पडल्यावर कळले.

आता, ज्यांचे प्रतिनिधित्व करावयाचे ते लोक कोण? आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ही जमात भूगोलाने, भाषेने वा धर्माने निर्माण केलेली नाही. ती जमाखर्चाच्या खातेवहीतून जन्मास आली आहे. १९६७ सालापर्यंत ब्रिटनमधील विद्यापीठांत घरचा विद्यार्थी आणि परका विद्यार्थी असा शुल्काचा भेद सरकारने केलेला नव्हता. त्या वर्षी प्रथमच परदेशी विद्यार्थ्यांवर २५० पौंडांची आकारणी ठरली आणि घरच्यांचा दर ७० पौंडांवर राहिला. पुढे १९८० पासून नव्याने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याने आपल्या शिक्षणाचा संपूर्ण खर्च भरावा असे धोरण आले, आणि दोन रकान्यांमधली ती रेघ पक्क्या शाईची झाली. त्या रेघेचे चमत्कार पाहण्यासारखे होते. आमच्याच वसतिगृहात नैरोबीत वाढलेला, ब्रिटिश पारपत्र बाळगणारा एक मुलगा होता. त्याने लागोपाठ तीन वर्षे ब्रिटनमध्ये वास्तव्य केलेले नसल्यामुळे तो शुल्कापुरता परदेशी ठरला होता. उलट अथेन्सहून आलेली, इंग्रजी अडखळत बोलणारी मुलगी युरोपीय संघाची नागरिक म्हणून शुल्कापुरती घरची होती. भारत, नायजेरिया, मलेशिया अशा राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांना ब्रिटनमध्ये राहत असता तेथील पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येते. त्यामुळे नगरपालिकेच्या मतदार यादीत माझे नाव रीतसर चढले होते, आणि माझ्याहून दुप्पट काळ त्या शहरात काढलेला शांघायचा शेजारी मात्र त्या यादीपुरता अस्तित्वातच नव्हता.

दुःखे तरी समान होती म्हणावे, तर तेही नाही. चिनी आणि इराणी विद्यार्थ्यांना शहरात आल्यापासून सात दिवसांच्या आत पोलीस कचेरीत जाऊन ३४ पौंड भरून नाव नोंदवावे लागे, आणि पत्ता बदलला की पुन्हा जाऊन वर्दी द्यावी लागे. आम्हा भारतीयांना हा ससेमिरा नव्हता. इराण्यांना त्यात आणखी एक विवंचना होती, ती अशी की निर्बंधांमुळे घरून पैसे यावयाचे बँकेचे मार्ग खुंटले होते आणि आदल्या ऑक्टोबरात त्यांच्या रियालची किंमत अशी कोसळली होती, की बापाने काटकसरीने जमवलेली तीन वर्षांची शिल्लक एका सत्राच्या शुल्कालाही पुरी पडेना. भारतीयांची तक्रार निराळीच होती: शिक्षण संपल्यावर दोन वर्षे तेथे नोकरी करण्याची मुभा एप्रिल २०१२ मध्ये बंद झाली होती, आणि त्या मुभेच्या भरवशावर घरादाराने कर्ज काढलेले होते. लेगॉसचा माझा मित्र आठवड्याला वीस तासांची कायदेशीर मर्यादा सांभाळून रात्री गोदामात खोकी रचत असे, आणि एकविसावा तास भरू नये म्हणून मनगटावरचे घड्याळ वारंवार पाहत असे. या सर्वांवर सावट होते ते २०१२ च्या ऑगस्टचे, जेव्हा लंडनमधील एका विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना सरकारने एका फटकाऱ्यासरशी काढून घेतला आणि दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना, काही अपराध नसता, दुसरा आसरा शोधण्याची पाळी आली. तेव्हापासून सर्वच विद्यापीठे हजेरीच्या बाबतीत अतिदक्ष झाली होती.

त्या अतिदक्षतेचे दृश्य स्वरूप म्हणजे आमच्या विभागातील सोमवारचा हजेरीपट. दर सोमवारी सकाळी नऊ ते दहा या वेळात व्हिसावर असलेल्या प्रत्येक संशोधकाने विभागाच्या कार्यालयात जाऊन सही करावयाची असा दंडक होता. हिरव्या पुठ्ठ्याची एक वही, तिच्यात लाकडी पट्टीने आखलेले रकाने, वहीला सुतळीने बांधलेले निळे पेन, आणि काचेपलीकडे बसलेली, आम्हा प्रत्येकाचे नाव न चुकता उच्चारण्याची पराकाष्ठा करणारी एक सहृदय बाई, असा तो सरंजाम होता. अपमान कोणी करीत नसे. परंतु त्याच वेळी प्रयोगशाळेतला आमचा इंग्रज सहकारी हातात कॉफीचा पेला घेऊन त्या रांगेवरून पुढे निघून जाई, आणि जाता जाता मान हलवून ‘सुप्रभात’ म्हणे. त्या मान हलवण्यात दुष्टावा नव्हता, रांग त्याला दिसतच नव्हती, आणि नेमके तेच बोचत असे. माझ्या जाहीरनाम्यातील पहिले कलम हा हजेरीपट रद्द करण्याचे होते, हे सांगावयास नकोच.

निवडणुकीचे नियम मोठे काटेकोर होते. दहा अनुमोदकांच्या सह्या, अडीचशे शब्दांत जाहीरनामा, आणि खर्चाची मर्यादा चाळीस पौंड, तीही प्रत्येक पै-पैशाची पावती जोडून. त्या चाळीस पौंडांत मी दोन जुन्या पांढऱ्या चादरी, रंगाचे डबे आणि खडूची पेटी घेतली. चादरीवर नाव रंगवून ती ग्रंथालयासमोरच्या कठड्याला बांधावयाची आणि खडूने फरशीवर घोषणा लिहावयाच्या, ही तेथील प्रचाराची रीत. आणि यॉर्कशायरचा पाऊस कोणत्याही पक्षाचा नसल्यामुळे दुपारपर्यंत सर्व उमेदवारांच्या घोषणा एकाच गटारात समभावाने वाहत जात. मतपत्रिकेवर आम्हा चौघांच्या नावांखाली आणखी एक नाव होते, ते म्हणजे ‘पुन्हा अर्ज मागवा’. मतदाराला कोणीच पसंत नसेल तर त्याने या नावाला मत द्यावे, आणि त्याला बहुमत मिळाले तर खरोखरीच सारी प्रक्रिया नव्याने करावी, अशी ती तरतूद. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने भारतीय मतदारालाही ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असे म्हणण्याचा अधिकार मिळाला. फरक एवढाच, की आपला ‘कोणीही नाही’ कितीही मते मिळाली तरी निवडून येत नाही, आणि तेथला येऊ शकतो. माणसाशी हरणे एक वेळ सोसता येईल, पण ‘कोणीही नाही’शी हरलो तर साताऱ्याला काय कळवावयाचे, या भीतीने मी दोन रात्री नीट झोपलो नव्हतो.

मत देताना एकच नाव निवडावयाचे नसून उमेदवारांना पसंतीक्रम द्यावयाचा होता: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. मोजणीत ज्याला सर्वांत कमी मते तो बाद होणार, आणि त्याच्या मतदारांची दुसरी पसंती ज्याला असेल त्याच्या खात्यात ती मते वळती होणार. ही पद्धत मला समजली होती. निदान गणिताच्या अंगाने समजली होती.

प्रचाराच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एका वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात शिरलो. सहा चुली, त्यांवर सहा देश. एका कढईत लसूण करपत होता, दुसरीकडे टोमॅटोच्या रश्शात भात रटरटत होता, आणि धुराची घंटा वाजू नये म्हणून तिच्यावर कोणी तरी अंघोळीची टोपी चढवून ठेवली होती. ओट्याशी एक चिनी मुलगी कांद्याची पात चिरीत उभी होती. तिच्यासमोर मी जाहीरनामा ठेवला आणि तयार केलेले भाषण म्हणून दाखविले. तिने सर्व ऐकून घेतले, “फार चांगले आहे,” असे म्हटले, आणि मेज जळू नये म्हणून तो कागद सहजपणे गरम भांड्याखाली सरकविला. मग थोडे थांबून विचारले, “मी घर बदलले आहे. पोलीस कचेरीत सांगायला जायचे आहे. ते फार भरभर बोलतात. तुम्ही बरोबर याल का?” माझ्या जाहीरनाम्यात सात कलमे होती, त्यांत हे कोठेच नव्हते. गुरुवारी येतो असे मी म्हणालो. आणि बाहेर पडताना, आजोबा कपाळावर चष्मा सरकवून बसले आहेत, असा मला उगीचच भास झाला.

पुढच्या आठवड्यात हेच वारंवार घडत गेले. व्हिसाच्या धोरणावर मी तावातावाने बोलावे, आणि ऐकणाऱ्याने शेवटी हळूच विचारावे, की नाताळच्या सुटीत सगळे घरी जातात तेव्हा ग्रंथालय का बंद असते, घरमालक ब्रिटिश जामीनदार मागतो तो कोठून आणावयाचा, पर्यवेक्षक रागावले आहेत की ही त्यांची बोलण्याची पद्धतच आहे हे कसे ओळखावयाचे. आमच्या प्रयोगशाळेतील इराणी मुलीला मी माझ्या आजोबांच्या उमेदवारीची हकीकत सांगितली, तेव्हा ती शब्द ऐकूनच हसली. तिच्या फारसीत तो शब्द जसाच्या तसा आहे, परंतु कचेरीशीही त्याचा संबंध नाही आणि मतपेटीशीही नाही. त्याचा अर्थ तेथे केवळ आशा बाळगणारा एवढाच. “मग या दालनात आपण सगळेच उमेदवार आहोत,” ती म्हणाली, आणि बँकेकडून काही निरोप आला आहे का हे पाहण्यासाठी पुन्हा संगणकाकडे वळली.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी उमेदवारांची जाहीर सभा झाली. माझ्याखेरीज लेगॉसचा तो मित्र होता, व्यवस्थापनशास्त्राचा एक चिनी विद्यार्थी होता, आणि चौथी होती सायप्रसहून आलेली, समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी. सायप्रस हा देश युरोपीय संघातही आहे आणि राष्ट्रकुलातही, त्यामुळे तिला शुल्क घरच्या दराने, व्हिसाची गरज नाही, हजेरीची सक्ती नाही, आणि पार्लमेंटसाठी मताचा अधिकारही आहे, असा सर्वच ग्रहांचा तिला अनुकूल योग होता. माझ्या दृष्टीने तिची उमेदवारी हा एक प्रकारचा आगंतुकपणाच होता, आणि तसे मी सभेत, शक्य तितक्या सभ्य शब्दांत, बोलूनही दाखविले. ज्याच्या पायात काटा रुतलेला नाही त्याने लंगडणाऱ्यांचे पुढारीपण करू नये, अशा अर्थाचे माझे वाक्य होते आणि त्याला टाळ्याही पडल्या. ती उठली, चिडलेली मुळीच दिसली नाही. “सोमवारी सकाळी नऊ वाजता हे तिघेही रांगेत उभे असतात,” ती म्हणाली. “त्याच वेळी कार्यालयात जाऊन भांडायला कोणीतरी मोकळे नको का?” सभागृह खळखळून हसले. मीही हसलो, कारण हसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

खरे म्हणजे तिचा मुद्दा मला, साताऱ्यात वाढलेल्या माणसाला, कोणी इंग्लंडात शिकवावा लागू नये. शाळेत असताना आजोबांनी मला गेंडामाळावर नेऊन १८५७ साली तेथे प्राणदंड झालेल्यांची कथा सांगितली होती, आणि त्या कथेच्या मुळाशी असलेल्या रंगो बापूजी गुप्ते यांचीही. १८३९ साली कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून दूर केले, तेव्हा त्यांची दाद मागण्यासाठी रंगो बापूजी वकील होऊन लंडनला गेले, आणि कंपनीच्या भागधारकांच्या सभांतून, अर्जांतून, छापील पत्रकांतून त्यांनी सुमारे चौदा वर्षे तो तंटा तेथे लढविला. गादी त्यांची नव्हती, गेली होती ती दुसऱ्याची. १८४७ साली महाराज काशीस निवर्तले, तरी वकील लंडन सोडीना. यश आले नाही ते नाहीच. परंतु वकील या शब्दाचा अर्थ मराठी दफ्तरांत असाच आहे: वादी तो नव्हे, वादीच्या वतीने परक्या दरबारी उभा राहणारा. आणि तो जितका स्वतः कोरडा तितका त्याचा शब्द स्वच्छ. १८९२ साली लंडनच्या मध्य फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या मूठभर मतांच्या आधिक्याने पार्लमेंटमध्ये गेलेल्या दादाभाई नौरोजींना मते दिली ती तेथील इंग्रज मतदारांनी; ज्या हिंदुस्थानासाठी ते तेथे बोलले, त्यातील रयतेला त्या निवडणुकीत मतच नव्हते. आपला प्रतिनिधी आपल्यासारखाच असावा ही अपेक्षा स्वाभाविक असेल; इतिहासाने मात्र ती नेहमीच पाळलेली नाही.

निकाल शुक्रवारी रात्री संघाच्या मद्यगृहात, जुन्या रिवाजाप्रमाणे, गलक्यात जाहीर झाला. पहिल्या फेरीत मी पुढे होतो. भारतीय मंडळातील मित्रांनी माझी पाठ थोपटली, कोणीतरी ‘गणपती बाप्पा मोरया’ अशी आरोळीही ठोकली. ‘पुन्हा अर्ज मागवा’ याला तुरळक मते पडली होती आणि तो प्रथम बाद झाला, तेव्हा मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला. नंतर लेगॉसचा मित्र बाद झाला आणि त्याची मते वाटली गेली. पडद्यावरील माझ्या नावापुढचा आकडा जेमतेम हलला, सायप्रसच्या मुलीचा मात्र भरतीच्या पाण्यासारखा चढला. मग चिनी उमेदवार बाद झाला, आणि पुन्हा तेच. शेवटी ती १९ मतांनी निवडून आली. पहिल्या पसंतीत मी पहिला होतो; परंतु दुसऱ्यांच्या मनात माझा नंबर दुसराही नव्हता.

तिने काय केले होते ते मला नंतर लेगॉसच्या मित्रानेच सांगितले. ती प्रत्येक देशाच्या मंडळात गेली होती आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट म्हणाली होती: तुमच्या माणसाला पहिले मत द्या, ते त्याच्या हक्काचेच आहे, मला दुसरे द्या. त्या मित्राच्या मंडळाच्या दारापर्यंत मीही एका संध्याकाळी गेलो होतो. आत नायजेरियन विद्यार्थ्यांची बैठक भरलेली होती, त्यांचा स्वतःचा उमेदवार उभा आहे हे मला ठाऊक होते, आणि अशा वेळी तेथे जाऊन मत मागणे अप्रशस्त, असे स्वतःस समजावून मी परत फिरलो होतो. त्याला मी तेव्हा सौजन्य म्हटले. आज पाहता त्यात सौजन्य थोडे आणि गुणपत्रिकेवर वाढलेल्या मुलाचा अहंकार फार होता. ज्याने आयुष्यभर पहिला क्रमांकच मोजला, त्याला कोणापुढे जाऊन ‘मला दुसरा माना’ असे म्हणणे जिभेवरच येईना.

आणि तरी त्या मतदारसंघाचा सारा धर्म तेवढ्या एका वाक्यात होता. घर, भाषा, देश यांना पहिली पसंती ही परदेशी गेलेल्या प्रत्येकाने न सांगता देऊन ठेवलेली असते. ती मागू नये आणि मिळाली तर तिच्यावर विसंबूही नये. चुलीवरच्या सहा भांड्यांत सहा देश शिजत असताना त्या सहांचा एक प्रतिनिधी व्हावयाचे, तर प्रत्येकाच्या मनात आपल्या माणसानंतरची जी जागा उरते ती मागून घेतली पाहिजे. ती मागण्यासाठी त्याच्या दाराशी जावे लागते, त्याचा पहिला कोण हे विचारावे लागते, आणि त्या पहिल्याविषयी मत्सर वाटू न देता आत जाऊन बसावे लागते.

रविवारी मी घरी दूरध्वनी केला आणि पडलो म्हणून सांगितले. आजोबांना ‘पडणे’ हा प्रयोगच प्रथम उमजेना. मग म्हणाले, “आमच्या वेळी उमेदवार पडत नसे रे. जागा निघेपर्यंत बसून राहत असे.”

मी बसून राहिलो. गुरुवारची पोलीस कचेरी झाली होतीच. नव्या प्रतिनिधीच्या सांगण्यावरून मी दर बुधवारी दुपारी तिच्या खोलीत एका मेजाशी बसून लोकांची पत्रे वाचून देऊ लागलो. निवडणुकीला पुरते दोन आठवडेही लोटले नव्हते, तोच १६ मार्चला सायप्रसमधील आर्थिक अरिष्ट उफाळले आणि तेथील बँकांचे दरवाजे २८ मार्चपर्यंत बंद राहिले. ठेवींवर कर बसणार, घरून पैसे येणार की नाही याचा भरवसा नाही, अशी तेथल्या विद्यार्थ्यांची दशा झाली, आणि ज्या मुलीच्या पायात काटा नाही असे मी भर सभेत म्हटले होते तिच्या खिशात घरभाड्याचे पैसे नव्हते. त्या दिवसांत तिच्या खोलीत रोज कोणी ना कोणी जेवण पोहोचवीत असे. एका संध्याकाळी मी मुगाच्या खिचडीचे पातेले घेऊन गेलो, तर लेगॉसचा मित्र टोमॅटोच्या रश्श्यातला तो लाल भात घेऊन आधीच येऊन बसला होता, आणि गरम पातेल्याने मेज जळू नये म्हणून तिने माझाच एक जुना जाहीरनामा भांड्याखाली घातला.

उन्हाळाभर ती हजेरीपटाचे प्रकरण लढली. प्रशासनाशी तिच्या पाच बैठका झाल्या. प्रत्येक बैठक, तिच्या शब्दाला जागून, सोमवारी सकाळी नऊ वाजता. आमची मागणी हजेरी रद्द करण्याची होती. फळ मिळाले ते निराळेच. व्हिसावरच्या विद्यार्थ्यांनाच तेवढी सही लावणे हा भेदभाव होतो हे तत्त्वतः मान्य करून विद्यापीठाने असे फर्मावले, की यापुढे विभागातील सर्वच संशोधकांनी, घरच्या आणि परक्यांनी, दर सोमवारी सही करावी.

ऑक्टोबरातील पहिल्या सोमवारी रांग जिन्यापर्यंत गेली होती. कॉफीचा पेला हातात घेतलेला आमचा तो इंग्रज सहकारी माझ्या मागेच उभा होता आणि हे काय नवे खूळ म्हणून कुरकुरत होता. इतके दिवस मी हे कसे सोसले, असेही त्याने एकदा विचारले, आणि तो प्रश्न विचारताना प्रथमच त्याने ती रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिली. काचेपाशी पोहोचलो तेव्हा वही नवी होती. मधली उभी रेघ नव्हती. आडनावांच्या वर्णानुक्रमाने एकच यादी होती. “कुठे करायची असते सही?” त्याने माझ्या खांद्यावरून वाकून विचारले. मी ओळ दाखविली. ती माझ्या ओळीच्या लगेच वर होती. सुतळी पुरेल इतके पेन मी त्याच्याकडे सरकविले, आणि त्याची सही होईपर्यंत थांबलो.